सोपानच्या पिकअपमधला वूफर अन् अण्णाचा ठेका

आधीच सांगून टाकतो, भुताखेताच्या गोष्टीला सगळ्यात जास्त हसणारा माणूस मी. आमच्या गल्लीत कोणाच्या अंगात आलं की दुसऱ्या दिवशी चौकात त्याची नक्कल कोण करणार? मीच. एकदा नक्कल करून राह्यलो अन् आमची माय मागं उभी... चप्पल अशी बराबर कानावर बसली की बस. ह्या ग्रुपवरचे अनुभव पण मी टाइमपास म्हणून वाचतो अन् खाली कमेंटमधी हसायची तोंडं टाकतो. आज तुमची पाळी, माझ्यावर टाका. पण पूर्ण वाचून टाका.

माझं नाव सुनील, सगळे सुन्या म्हणतात. जुन्या जालन्यात ठोक दुकानांच्या मागच्या बोळीत माझं कार ऑडिओचं बारकं दुकान हाये. वायरिंग सगळं मी स्वतःच करतो. ज्यांना म्हाईत न्हाई त्यांच्यासाठी — वूफर म्हंजे तो मोठा गोल स्पीकर, ज्याच्यानं गाडीच्या काचा थरथरतात अन् शेजारी शिव्या देतात. त्याचा काळा जाड पडदा पुढं-मागं हलतो, तवा बेस निघतो. पडदा हलवायला करंट देतो अ‍ॅम्प्लिफायर, अन् अ‍ॅम्प्लिफायरला देते गाडीची बॅटरी. एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागणार हाये.

भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईकडं जाताना एक फाटा लागतो, तिथून आत माझ्या मामाचं गाव. सोपान तिथलाच, माझा सुट्टीतला दोस्त. घर मेंढपाळाचं. त्याचे वडील, त्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं, मेंढरं राखायचे अन् ढोल वाजवायचे. गावात खंडोबाची जत्रा भरते. तिथं अशी रीत हाये की ह्या घरचा ढोल वाजल्याशिवाय पालखी जागची हलत न्हाई. तो एक खास ठेका हाये, त्याला 'उठवणी' म्हणतात. तो वाजला की देव उठला, मंग पालखी खांद्यावर.

आता मी कोणाची पण नक्कल करतो. एसटीचा कंडक्टर, आमचे गणिताचे सर, अण्णांचा खोकला, अण्णांची मेंढराला मारलेली हाळी — सगळं. मी हाळी दिली की मेंढरं पण फसायची. पण उठवणी? लहानपणापासून तोंडानं करून बघितली, कधीच जमली न्हाई. डुब-डुब करून गाल दुखायचे अन् अण्णा पोट धरून हसायचे.

"सुन्या, तोंडाचं काम न्हाई ते. हिकडं ये, हात दे."

त्यांची शिकवायची तऱ्हाच न्यारी होती. बोल सांगायचे न्हाईत, मोजून दाखवायचे न्हाईत. ढोलाच्या एका तोंडावर ते वाजवायचे अन् दुसऱ्या तोंडावर आपला तळहात धरून ठेवायचे. म्हणायचे, कान खोटं बोलतो, तळहात न्हाई बोलत. मी अन् सोपान, दोघायला पण गुदगुल्या व्हायच्या. हात सोडवून हसत पळायचो. अण्णा मागून ओरडायचे, "पळा, पळा! याल परत!"

सोपान परत गेलाच न्हाई. मोठा झाला, पिकअप घेतली, कापूस अन् मेंढरं जालन्याला न्यायला लागला. अन् गेल्या उन्हाळ्यात अण्णा झोपेतच गेले. उठवणी कोणालाच येत न्हवती.

जत्रा जवळ आली तशी गावात बोलणं सुरू झालं. उठवणी न्हाई वाजली तर ढोलाचा मान अण्णांच्या चुलत भावाकडं, दगडूतात्याकडं जाणार, मंग ठेका साधा का असंना. अन् एकदा घरातून मान गेला की तो परत येत न्हाई, हे सगळ्यांना म्हाईत. सोपानची आई, म्हंजे आमच्या काकू, तेव्हापासून जेवण बराबर करत न्हवत्या.

सोपानचा फोन आला. "सुन्या, पिकअपमधी वूफर बसवायचे. दोन. मोठे."

"लग्न ठरलं का काय रे?"

"अण्णाचं रेकॉर्डिंग हाये मोबाईलमधी. पालखीपुढं गाडी लावतो अन् वाजवतो. ढोल घरचाच ना मंग?"

क्लिप ऐकली मी. झांज ऐकू येते, शिट्ट्या येतात, कोणीतरी "ए, बाजूला सर ना" म्हणते ते पण येतंय. फक्त ढोल न्हाई! नुसतं टक-टक, टक-टक, जसं कोणी पाट ठोकून राह्यलं. मोबाईलचा माईक खालचा आवाज धरतच न्हाई. मी सोप्याला सरळ सांगितलं, "भौ, जे रेकॉर्डच झालं न्हाई ते वूफर कुठून आणणार?"

"तू बसव तर... बेस फुल कर." असा बोलला की मंग मला मस्करी सुचली न्हाई. सामान घेतलं अन् निघालो.

जत्रेच्या आदल्या दिवशीची गोष्ट. भर दुपार, टळटळीत ऊन. सोपानच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली पिकअप उभी. बाजूला काट्याच्या कुंपणात मेंढरं बसलेली, डोळे मिटून, तोंड हलवत. गाडी सकाळीच कापूस टाकून आलेली, म्हणून हौद्यात सगळीकडं कापसाचे पुंजके उडून राह्यले होते.

मी वूफरचे दोन्ही डबे हौद्यात बसवले. अ‍ॅम्प्लिफायर स्क्रूनं कसला. अर्थिंगसाठी पत्र्याचा रंग खरडून चमकतं लोखंड काढलं. माझी एक सवय हाये — बॅटरीच्या वायरचा फ्यूज आधीच काढून शर्टाच्या खिशात टाकतो अन् सगळं झाल्यावर शेवटी लावतो. फ्यूज खिशात म्हंजे अ‍ॅम्प्लिफायर मेलेला. त्याच्यात जीव येऊच शकत न्हाई.

तेवढ्यात दगडूतात्या आले, धोतराचा सोगा हातात धरून. "काय रे सोपान? आता डब्यातून देव उठवतो का? का रिमोट देऊ पुजाऱ्याच्या हातात?"

सोपान खाली मान घालून वायर सोलत राह्यला. काकू उंबऱ्यात बसलेल्या.

मी म्हणलं, "तात्या, तुम्ही नाचायची प्रॅक्टिस करा, बाकीचं आम्ही बघतो."

अन् मी माझं चेकिंग सुरू केलं. दोन वूफर जोडताना एकाचं प्लस-मायनस उलटं लागलं तर एक पडदा बाहेर जातो अन् दुसरा आत. दोघं एकमेकाचा बेस खाऊन टाकतात. म्हणून आम्ही वायरला नुसता घड्याळाचा सेल टेकवून बघतो. टेकवला की पडदा टुणकन हलतो. मी टेकवला, दोन्ही पडदे बाहेर. बराबर. सेल काढला, खिशात टाकला.

डावीकडचा पडदा परत हलला.

मी म्हणलं, "सोप्या, दुसऱ्या वूफरवर हात नको ठेवू." कारण वायरनं जोडलेल्या दोन वूफरपैकी एक दाबला की दुसरा जरासा हलतो, हे नॉर्मल हाये, ह्याच्यात चमत्कार काहीच न्हाई.

"मी कुठं ठेवला?" आवाज मागून आला. सोपान झाडाखाली माठाजवळ उभा होता, हातात तांब्या.

मी त्या वूफरच्या दोन्ही वायरा उपटल्या. उघडी टोकं माझ्या हातात. मागं काहीच न्हाई, नुसता डबा.

पडदा हलतच होता.

अन् कसाही न्हाई. हळू... हळू... मंग दोन जल्दी... मंग एक असा लांब, जसा कोणी श्वास रोखून सोडतंय. पडद्यावर कापसाचा एक पुंजका पडलेला होता. तो त्या ठेक्यावर उडून राह्यला होता. वर जायचा, तरंगायचा, खाली यायचा, परत वर. आवाज म्हणावा तर न्हाई, पण माझ्या पोटात कळत होतं.

"सुन्या, नकला बंद कर तुझ्या," तात्या म्हणले.

"तात्या, तोंड बंद हाये माझं." मी फ्यूज काढून दाखवला. वायरीची उघडी टोकं दाखवली.

तेव्हा माझं लक्ष कुंपणाकडं गेलं. सगळी मेंढरं उठून उभी राह्यलेली. एक पण ओरडत न्हवतं. सगळ्यांची तोंडं गाडीकडं... अण्णा ढोल घेऊन बसले की ती अशीच उभी राह्यची.

काकू उंबऱ्यातून उठल्या. कोणाला काही न विचारता गाडीपाशी आल्या, पदर खोचला अन् त्या पडद्यावर तळहात टेकवला. डोळे मिटले. मंग म्हणल्या, एकदम साध्या आवाजात, जसं कोणी दारात आलं अन् ओळख पटली —

"ह्यांचा हात हाये."

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

काकूंनी सोपानकडं बघितलं. "ये. हात ठेव. आता पळू नको."

सोपान आला. तळहात ठेवला. पहिल्यांदा त्याचं तोंड असं झालं... मी खरं सांगतो, लहानपणी गुदगुल्या झाल्यावर व्हायचं ना, बिलकुल तसंच. मंग रडायला लागला. पण हात काढला न्हाई. थोड्या वेळानं त्याचा दुसरा हात आपोआप गाडीच्या पत्र्यावर पडायला लागला. चुकायचा, थांबायचा, परत धरायचा. काकूंनी आतून ढोल आणून त्याच्यापुढं ठेवला. तात्यांनी, ज्यांच्या घरी मान जाणार होता त्यांनीच, खाली बसून ढोल दोन्ही हातांनी धरून ठेवला.

किती वेळ चाललं ते मला सांगता येत न्हाई. ऊन झाडाच्या दुसऱ्या बाजूला गेलेलं. सोपानचा एक हात वूफरवर, एक हात ढोलावर. अन् एका ठेक्याला पडदा हलला न्हाई. पुंजका तसाच पडून राह्यला. पण ढोल थांबला न्हाई. सोपानला कळलं पण न्हाई की आता तो एकटाच वाजवून राह्यला...

"गेले," काकू म्हणल्या, अन् आत जाऊन चुलीवर तवा ठेवला. त्या दिवशी आमच्यासोबत त्या पोटभर जेवल्या.

दुसऱ्या दिवशी पालखीपुढं सोपान उभा राह्यला. गळ्यात अण्णांचा ढोल. उठवणी वाजली अन् पालखी उठली. पहिला खांदा दगडूतात्यांचा होता. म्हाताऱ्या माणसांनी एकमेकाकडं बघितलं अन् माना हलवल्या.

वूफर अजून त्याच गाडीत हायेत. मी नंतर खोलून बघितले, मीटर लावला, वारा म्हणलं, उन्हानं पडदा ताणला म्हणलं, कुठं करंट साठून राह्यला म्हणलं... उघड्या वायरीला यातलं एक पण लागू होत न्हाई. सोपान आता त्याच्यावर डीजेची गाणी लावून कापूस नेतो. काच थरथरते, बेस एक नंबर. पण तसं परत कधी झालं न्हाई.

ज्यांना वाटतं सुन्यानंच काहीतरी केलं, त्यांनी खुशाल दुकानावर यावं. चहा पाजतो. कंडक्टर करून दाखवतो, गणिताचे सर करून दाखवतो, म्हणाल तर तुमची पण नक्कल करतो, तुमच्यासमोर. उठवणी तेवढी सांगू नका. त्या दुपारी मी हातभर अंतरावर उभा होतो, सगळं डोळ्यांनी बघितलं, पोटात ऐकलं... तरी तोंडानं करायला गेलो की नुसतं डुब-डुब होतं. मी तिथं हात ठेवलाच न्हवता ना.