भाकड गुरांची वाट

कात्रज गावठाणातल्या जयसिंगचा गोठा मोडला त्याला बरीच वर्षं झाली. म्हशी गेल्या, गोठ्याच्या जागी सात मजली इमारत उठली आणि तिच्यातल्याच एका फ्लॅटात तो राहायला गेला. बायको तुळजाबाई म्हणायची, "माणूस घरात हाय, पर ह्येचं पाय काय घरात न्हाईत." खरंच होतं. पहाटे धारा काढायला उठायची खोड जाता जाईना, मग हा गडी उजाडायच्या आत कात्रजचा डोंगर चढून यायचा.

तिथंच त्याची अवधूत सरांशी पुन्हा गाठ पडली. सर कोथरूडचे, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या घरी जयसिंगनं वीस वर्षं दूध घातलं होतं. डोंगरावर पहिल्यांदा भेटले तेव्हा सर म्हणाले, "म्हशी विकल्यात म्हणे. आणि नळ ठेवलात का?" जयसिंग पोट धरून हसला. तेव्हापासून जोडी जमली. आधी कात्रज ते सिंहगड झालं, मग सरांच्या डोक्यात घाटवाटा शिरल्या. तोरण्याच्या मागनं एका नाळेनं कोकणात उतरायचं, पायथ्याच्या गावात मुक्काम, दुसऱ्या खिंडीनं वर यायचं आणि तिसऱ्या दिवशी डोंगराच्या धारेधारेनं परत. मार्च सरत आला होता, उन्हं तापली होती. सरांच्या बायकोनं, श्यामलावहिनींनी, निघताना जयसिंगला दारात गाठलं. "हे एकटे असते तर मी दाराला कडी घातली असती. तुम्ही आहात म्हणून सोडतेय."

"वैनी, बिनघोर ऱ्हावा."

पहिली नाळ म्हणजे दगडधोंड्यांनी भरलेली उभी चीर. उतरताना गुडघ्यांचं पार भजं झालं, पण उतरले. दुसऱ्या दिवशी चढ लागला. निम्म्यावर आले तेव्हा सूर्य डोक्यावर, बाटल्यांत घोटघोट पाणी, आणि वाटेला दोन फाटे फुटलेले.

"डावीकडे," सर म्हणाले. "खिंडीच्या तोंडाशी पाण्याचं टाकं आहे."

डावीकडं नुसते धोंडे आणि वाळकी कारवी. उजवीकडं मळलेली वाट, आणि तिच्यावर शेण. जयसिंग उकिडवा बसला. बोट खुपसून बघितलं, वरनं पापुद्रा, आतनं ओलं.

"आवो सर, कालचंच हाय. गुरं सांजच्याला गोठ्याकडंच जात्यात. गोठा तिथं माणूस, माणूस तिथं पाणी. जल्मभर ह्येच केलंय म्या."

सरांनी नकाशा बघायला मोबाइल काढला, तर तो मघाच बंद पडलेला. "तुमच्या भूगोलाला वास जरा जास्तच येतो, जयसिंगराव," ते म्हणाले. पण आले मागनं.

वाट कड्याच्या पोटातनं आडवी निघाली. सावली नाही, वारा नाही. शेवटचा घोट दोघांनी वाटून घेतला. जरा वेळानं जयसिंगनं मागं वळून बघितलं तर सरांचं तोंड तांबडंलाल, आणि घाम? घाम यायचाच बंद झालेला. गोठा आता येईल, त्या वळणापुढं येईल, असं म्हणत त्यानं वळण घेतलं, आणि वाट संपली.

वाळल्या गवताचा एक पट्टा. वर कडा, खाली दरी. पट्ट्यावर पाच गाई त्यांच्याकडं बघत उभ्या. सवयीनं जयसिंगची नजर आधी सडांवर गेली. कासा सुकून पोटाला चिकटलेल्या. भाकड जनावरं. दूध देत नाहीत म्हणून धन्यानं डोंगरात सोडून दिलेली, पावसाळ्यापर्यंत कुणी त्यांच्याकडं बघणारसुद्धा नाही. ह्यांना कुठला गोठा आणि कुठला सांजवेळेचा परतीचा रस्ता? त्याच्या गोठ्यातली म्हैस कायम दुभती, भाकड झाली की तो बाजार दाखवायचा. त्यामुळं भाकडाची वाट त्याला ठाऊकच नव्हती.

सर खुरट्या झाडाखाली बसले. "वीस वर्षं आम्हाला पाणी पाजलंत," ते कसंबसं म्हणाले, "आज मागतोय तर नाही."

जयसिंगला हसू येईना. त्याच्या फोनला रेंज नव्हती. गुरं कुठं तरी पाणी पीत असतीलच, म्हणून त्यानं काठीनं गाई हाकलल्या. चार पावलं गेल्या आणि उभ्या राहिल्या. त्यानं त्यांच्या सात पिढ्या उद्धारल्या. मग पाठीमागनं सरांचा आवाज आला, "श्यामला, पंखा लाव गं." असं म्हणून ते उठले आणि सरळ दरीकडं चालायला लागले.

जयसिंगनं झेप घालून त्यांना ओढलं. खांद्यावरचं उपरणं सोडलं, सरांच्या कंबरेला आवळलं आणि झाडाला बांधलं.

"मला बांधताय?"

"व्हय. म्हसरावानी बांधतोय. हलायचं न्हाई, पाणी घिऊन येतो."

आणि रिकाम्या बाटल्या घेऊन तो पळत सुटला. फाट्यावर आला, डावीकडच्या धोंड्यांत शिरला. चार पायांवर चढला, नखं फुटली. माजा जीव गेला तर ह्यो माणूस झाडाला बांधलेलाच मरंल, एवढं एकच डोक्यात. खिंडीत टाकं होतं. हिरवं शेवाळ, कुजका पाला, पण पाणी. आधी तो स्वतः प्याला. त्याची लाज त्याला नंतरही वाटली नाही. तोच पडला असता तर दोघं गेले असते.

बाटल्या भरून परत येताना तो हाका मारत होता. सर उपरण्यावर लोंबल्यासारखे कलले होते. त्यानं त्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं, ओठांत थेंब सोडले. ओकले. पुन्हा पाजलं, पुन्हा ओकले. तिसऱ्यांदा राहिलं पोटात. मग कधी काखेत धरून, कधी पाठुंगळी घेऊन, शिव्या घालत, "चला हो, आसं बसू नगा," करत त्यानं त्यांना खिंडीत आणलं. ऊन कलतीला गेलं होतं. टाक्यापाशी फोनला दोन रेघा आल्या.

"वैनी, वाट म्या चुकवली. सर डावीकडं म्हणत व्हते, म्या ऐकलं न्हाई."

"ते नंतर बघू. कुठे आहेत?"

त्यानं खिंड सांगितली. वहिनी दुसऱ्या फोनवर कुणाला तरी माणसं पाठवायला सांगत होत्या, ते ऐकू आलं. मग म्हणाल्या, "त्यांना द्या."

जयसिंगनं फोन सरांच्या कानाला लावला. त्यांची जीभ सुजली होती, शब्द फुटेना. नुसता घरघरता श्वास.

"ऐकू येतंय," वहिनी म्हणाल्या. "बोलू नका. श्वास घेत राहा, मी फोन ठेवत नाही."

जयसिंगनं फोन तसाच धरून ठेवला. हाताला मुंग्या आल्या तरी हात बदलला नाही.