उरलेल्या गोळ्या

आमच्या मिरजोळ्याच्या डॉक्टरीणबाई पेशंटच्या घरी आल्या की आधी स्वयंपाकघरात शिरत आणि लोणच्याची बरणी उचलून बघत. ती किती हलकी झाली, यावरून त्यांना पेशंटचा रक्तदाब कळे. एकदा मी बरणी लपवली, तर त्यांनी माझ्या बोटांचा वास घेतला.

एका गोळीने माझा दाब उतरेना, तेव्हा मी स्वतःच्या अकलेने त्याच दोन घेऊ लागलो. घोटे असे सुजले, की चपला चढेनात. बाई म्हणाल्या, "एकाच गड्याकडून अख्खी बाग शिंपून घेताय, तो कुरकुरणारच. दोन गडी लावा. दोघांना झेपेल तेवढंच काम द्या." पहिली गोळी पुन्हा एकावर आली आणि तिच्या जोडीला दुसऱ्या जातीची एक छोटी गोळी मिळाली. दाब उतरला. घोटे पुन्हा दिसू लागले.

पुढे बाईंचं पुण्याला मुलीकडे कायमचं जायचं ठरलं. जाण्याआधी त्यांनी मला त्या दोन्ही औषधांची मिळून एकच गोळी लिहून दिली. "आता ही एकच. विसरायला निमित्त नको." मी मान डोलावली. पण घरी जुन्या गोळ्या उरलेल्या! आम्ही नारळाची करवंटीसुद्धा जपून ठेवणारी माणसं. नवी घ्यायचो आणि वर जुन्या दोन्ही संपवायचो.

निरोपाच्या कार्यक्रमात भाषण माझं. बाईंचे आभार एकदा नीट मानायचे, म्हणून आठवडाभर घोकलेलं. "आदरणीय बाई," एवढं म्हणालो आणि हारतुऱ्यांच्या टेबलावर आडवा झालो.

बाईंनी मला जमिनीवर निजवून पाय खुर्चीवर ठेवले. दाब पार खाली गेलेला.

"सकाळी काय काय घेतलंत?"

मी सांगितलं. तेवढ्यात आमचे शेजारी, आखातातून परतलेले खलीलभाई, मागून हळूच म्हणाले, "मी पण तसंच करतो हां, बाई."

बाईंनी कपाळाला हात लावला. "ज्यांची ज्यांची गोळी बदलली, त्यांनी घरी जा. औषधांच्या पिशव्या घेऊन या. आत्ता!"

"आई, उशीर होतोय गं," दारात गाडी घेऊन उभी असलेली मुलगी म्हणाली.

"होऊ दे."

मग सतरंजीवर बसून बाईंनी एकेकाची पिशवी उपसली. खलीलभाईंसकट चौघं माझ्याच जातीचे निघाले. मधूनमधून त्या माझा दाब मोजत होत्या. तो ताळ्यावर आला तेव्हा ऊन उतरलं होतं.

"सावकाश उठा. भाषण राहिलं तुमचं."

"आदरणीय बाई," एवढं म्हणालो आणि पुन्हा तिथेच अडलो. बाईंनी लगबगीने माझं मनगट धरलं.

"नाडी चांगली आहे," त्या म्हणाल्या. पण हात काही सोडला नाही.