तारखेपुरती कोरी जागा

दत्तूच्या मुलाचा फोन आला, "काका, आप्पा गेले," आणि आधी मला दत्तूचा रागच आला. जायच्या आठवडाभर आधी भेटलो तेव्हा हा माणूस माझ्या तब्येतीची चौकशी करत होता. स्वतःच्या छातीत दुखतंय हे गुलदस्त्यातच. मनातलं मनात ठेवायची त्याची खोड जुनी. आता दीड महिना झाला, राग ओसरला. हळहळ मात्र जात नाही.

भिंगारच्या बाजारात दत्तूची पायानं चालवायची छोटी ट्रेडल प्रेस होती. सत्तर सालानंतरची ती दोन-चार वर्षं, शाळेत शिकवून झालं की मी तिथे प्रुफं तपासायला बसायचो, नुसत्या चहाच्या बोलीवर. अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक जुळवून मजकूर उभा करायचा, छापून झाला की तो सोडून खिळे पुन्हा आपापल्या खणात टाकायचे, अशी रीत. पण एखादं काम परत छापायचं असलं तर दत्तू त्या मजकुराला दोऱ्याचे वेढे देऊन फळीवर ठेवायचा. आता त्याचा मुलगा कॉम्प्युटरवर छपाईचं काम फाइल करून ठेवतो, तसंच ते. फरक एवढाच, की दत्तूनं काही राखून ठेवलं की तेवढे खिळे अडकून पडत आणि दुसऱ्या कामाला अक्षरं पुरत नसत.

दत्तूचा धाकटा भाऊ सदा फौजेत होता. त्याचं लग्न राजूरच्या मालतीशी ठरलं. दोन्ही घरची मिळून एकच पत्रिका. दत्तूनं ती प्रेसमधल्या सगळ्यात देखण्या टायपात जुळवली. तारखेची जागा तेवढी कोरी, कारण सदाची रजा मंजूर व्हायची होती. तेवढ्यात लढाई पेटली. रजेऐवजी तार आली, सदा बेपत्ता... दत्तूनं पत्रिकेला दोरा गुंडाळला. "तारीख तेवढी टाकायची ऱ्हायलीय," इतकंच म्हणाला.

दोन लग्नसराया गेल्या. मग मालतीचे वडील राजूरहून आले, खालमानेनं बसले. "दत्तोबा, पोरीला किती थांबवू? दुसरं ठिकाण आलंय." दत्तू बराच वेळ हाताची शाई पुसत राहिला. "करा मामा. पर पत्रिका मीच छापनार. पोरगी आमच्या घरात यायची हुती."

मी आपला व्यवहार सांगितला. "अरे, मुलीचं नाव, आईबापांची नावं, गाव, सगळं फळीवर तयार आहे. नवऱ्यामुलाचं नाव बदल, तारीख टाक, झालं."

"न्हाई मास्तर. त्ये सदाचं हाय."

आणि हा शहाणा सायकल मारत नगरला गेला, दुसऱ्या प्रेसमधून तसाच टाईप उसना आणला आणि मालतीचं नाव पहिल्यापासून जुळवलं. छापून होताच ती पत्रिका सोडून टाकली. सदाची कधीच सोडली नाही. घरात सदासाठी कुणी रडलं नाही, दिवस घातले नाहीत. ती बांधलेली असेपर्यंत कुणाची छातीच झाली नाही. मला अजून वाटतं, एकदा तरी हा मोकळेपणी रडायला हवा होता... चाळीस-पन्नास वर्षं माणसानं वाट तरी किती बघावी!

ट्रेडल आणि खिळे मुलानं परवा भंगारात दिले. ती बांधलेली पत्रिका मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याकडे आणली. "काका, ही सोडायला माझा हात धजत नाही." आता ती माझ्या टेबलावर आहे. दर दसऱ्याला यंत्राची पूजा झाली की दत्तू तिचा जुना दोरा काढून नवा बांधायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. आताचा दोरा विरत आलाय. दसरा तोंडावर आहे, आणि त्याच्यासारखी गाठ मला येत नाही.