बिजागरी पाहून घेतलेला लॅपटॉप

माझ्या पहिल्या लॅपटॉपची बिजागरी तुटली तेव्हा घरात माझ्याखेरीज कुणालाच वाईट वाटलं नाही. मी भूमला सासरच्या घरी बसून मालिकांच्या संवादांची मराठी उपशीर्षकं लिहिते. सासूबाई शेजारी सांगायच्या, की सूनबाई कानाला हेडफोन लावून दिवसभर मालिका बघते. त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त त्याचे पैसे मिळतात, हा भाग त्या गाळायच्या.

तो लॅपटॉप नवऱ्यानं ऑनलाइन मागवला होता. पातळ, चंदेरी, दिसायला देखणा. झाकण दोन्ही हातांनी जपून उघडावं लागायचं, आणि एक दिवस इतकं जपूनही उजवा कोपरा कडकन मोकळा झाला. कंपनीचा माणूस घरी येऊन दुरुस्त करतो असं खोक्यावर छापलेलं होतं. तो भूमला येत नाही, हे फोन केल्यावर कळलं. आम्ही लॅपटॉप सोलापूरला नेला, तिथून तो पुण्याला गेला, आणि परत येईपर्यंत माझं काम दुसऱ्या कुणाला तरी देऊन झालं होतं. "झालं ते झालं. आता बस निवांत," मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले. ते मायेनं म्हणाले, याचाच मला जास्त राग आला.

परत आलेला लॅपटॉपही फार दिवस चालला नाही. काही महिन्यांनी काम देणाऱ्या बाईंचा फोन आला. जागा रिकामी झाली होती, पण मशीन पुन्हा ऐन वेळी बंद पडलं तर विषय कायमचा संपला, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. घरातही तेच ठरलं. हा एक घे, हा बिघडला की पुरे.

नवऱ्याला सुट्टी नव्हती म्हणून धाराशिवला माझ्याबरोबर मामा आले. वापरणार मी, पण दुकानदार बोलायचे मामांशी. मी आपली तपासत राहिले. झाकण एका कोपऱ्याला धरून उचललं की पिरगळतं का, कीबोर्ड मधोमध दाबला की खचतो का, पाठीमागचे स्क्रू साधे आहेत की सगळं चिकटवून बंद केलंय. आणि शेवटी विचारायचे, बिघडला तर कुठं आणायचा?

"बिघडतोय कशाला, ताई?" पहिल्या दुकानातला म्हणाला. दुसरा हसला. "अजून घेतला नाही तोवर मोडायला निघालात."

मामा अवघडले. बाहेर आल्यावर म्हणाले, "नवी वस्तू घेताना असलं वंगाळ बोलू न्हाय."

"मामा, तुम्ही विहिरीवरची मोटार घेताना वायंडिंग कुठं करून मिळतं ते विचारलं नव्हतं?"

पुढच्या दुकानात मात्र मी तोंड उघडायच्या आत मामांनीच विचारलं, "ह्याचं सामान इथं मिळतंय का?"

"कीबोर्ड, बॅटरी, बिजागरी मी इथंच बसवून देतो," दुकानदार म्हणाला. "स्क्रीन फुटली तर सोलापूर. ते माझ्याच्यानं होत नाही."

काय जमत नाही हे सांगणारा तो एकच भेटला, म्हणून त्याच्याकडून घेतला. जाडजूड, काळा, मागच्या सालचा. मला तो अजिबात आवडला नव्हता.

काम पुन्हा सुरू झालं. खंडेनवमीच्या सकाळी आंघोळ करून आले, तर लॅपटॉप टेबलावर नाही. तो पुढच्या खोलीत विळा, कुऱ्हाड आणि फवारणीच्या पंपाशेजारी मांडलेला होता, तोही उघडा. सासूबाईंनी त्याच्यावर पाणी शिंपडलं होतं, हळदकुंकू वाहिलं होतं, अक्षता टाकल्या होत्या आणि आता मधोमध झेंडूचं फूल ठेवत होत्या.

"आत्याबाई, उघडा कशाला ठेवलात?"

"काम तर तू आतच करतीस की."

मला रडू आलं, आणि ते भक्तीचं नव्हतं. पुसून, फुंकून, केसांचा ड्रायर फिरवून पाहिला. लॅपटॉप चालू झाला, पण बऱ्याच कळा दाबल्या की वर येईनात. आठवड्याच्या आत भाग पूर्ण करून द्यायचा होता. बाईंना काय सांगायचं, आणि घरात आता काय ऐकावं लागणार, याशिवाय दसऱ्याच्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही.

दसरा झाल्यावर दुकान उघडलं, त्या दिवशी मामा न सांगता माझ्याबरोबर निघाले. डेपोच्या बऱ्याच गाड्या तुळजापूरच्या गर्दीसाठी गेल्या होत्या. मिळाली त्या एसटीत उभ्यानं गेलो. पिशवी मामांनी सबंध वाटेत छातीशी धरली होती.

दुकानदारानं लॅपटॉप खोलला, कीबोर्ड सुटा करून उलटा आपटला. आधी तांदूळ पडले, मग लाल भुकटी.

"हे वॉरंटीत बसत नाही. नवा टाकावा लागेल, आहे माझ्याकडं," तो म्हणाला आणि मामांकडं बघून हसला. "पण काका, लॅपटॉपवर कुणी कुंकू टाकतं का?"

मी मान खाली घातली. मामांना त्यात लाजण्यासारखं काही दिसलं नसावं.

"खंडेनवमीला घरातली समदी हत्यारं पुजत्यात," ते म्हणाले. "हे सूनबाईचं हाय. दुपारपातूर करून द्या, तिचं काम खोळंबलंय."