बेचाळीस दिवे आणि माझा कोपरा

तांदूळ निवडताना मी खडे ताटाच्या कडेला सारत जाते. शेवटी बघावं, तर मूठभर जमलेले असतात! घरोघरच्या लाइटांचे किस्से माझ्याकडं असेच जमलेत. टाकून द्यायचा जीव होत न्हाई.

लिहून घेणारी माझी नात वैशाली आहे. त्यामुळं तिच्याबद्दल वाकडं बोलायची पंचाईत. बाकी सगळ्यांबद्दल बोलते.

वैशालीनं संभाजीनगरला दोन वर्षं राहून घर सजवायचं शिक्षण घेतलं. त्यातही तिचा सगळा जीव लाइटात. कुठला दिवा कुठं लावायचा, उजेड कशावर पाडायचा, डोळ्यात कसा घुसू द्यायचा न्हाई, हे सगळं तिला बराबर कळतं. आमच्या वडीगोद्रीत हायवेला लागून आमचा एक गाळा रिकामा आहे. तिथं तिला दुकान टाकायचं होतं. तिचा बाप, म्हणजे माझा लेक ज्ञानोबा, म्हणला, "दिवा लावायला शिकायचं काय असतं? बटन दाबायचं!"

मंग आठ दिवस बाप-लेक एकमेकांशी बोलले न्हाईत. निरोप माझ्या मार्फत! शेवटी ज्ञानोबानं शब्द दिला, "दसऱ्यापर्यंत हिच्या हातचं एक तरी काम मला पटू दे. गाळा हिचा. न्हाईतर मोबाईलवाला मागून राह्यलाय, त्याला देऊन टाकतो."

तेव्हापासून वैशाली कोणाचं घर बघायला निघाली की मी सोबत. लोक पोरीचं ऐकत न्हाईत. माझंही ऐकत न्हाईत, पण मला बघून चहा तरी टाकतात!

* * *

पहिल्यांदा गेलो वाटूरला, माझ्या धाकट्या जावेकडं. नवीन किचन, काळा चकचकीत ओटा. जाऊबाई भेंडी चिरून राह्यल्या होत्या. दिवा एकच, तोही त्यांच्या पाठीमागं. त्यांचीच सावली भेंडीवर पडायची. दोनदा बोट कापलं म्हणे.

वैशाली जाऊबाईंना म्हणली, "आजी, वरच्या कपाटाच्या खालून एक लाइटची पट्टी लावू. उजेड थेट ओट्यावर पडंल."

माझे दीर मधीच बोलले, "कपाटाखाली? तिथं कोणाला दिसणार ती?"

"आजीला दिसंल ना."

"हिला दाखवून काय करू? पाहुण्याला दिसायला पाहिजे!"

आणि खरंच, त्यांनी पट्टी आणली आणि बाहेरच्या कंपाउंडच्या भिंतीला लावली. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत झगमग!

आता जाऊबाई रोज दिवे लागले की पाट, विळी आणि भेंडी घेऊन कंपाउंडपाशी बसतात. गल्लीतल्या बाया म्हणतात, "नवीन घर बांधल्यापासून लई माणसात आल्या हो तुम्ही!"

* * *

वडीगोद्रीतच एकानं हॉलमध्ये झुंबर टांगलं. काचेचं, हे एवढं! झुंबर बघून आणलं, पण छत बघितलं न्हाई. ते लोंबलं थेट माणसाच्या कपाळापर्यंत.

वैशाली म्हणली, "काका, तुमचा जिना मोकळा आहे, वर उंची आहे. तिथं टांगा, छान दिसंल."

"जिन्यात पाहुणे बसतात का?"

झुंबर हॉलमध्येच राह्यलं. पहिल्याच आठवड्यात तिघांना लागलं. चौथ्याची टोपी अडकली, ती काढायला स्टूल आणावं लागलं.

घरमालक मात्र खूश. मला म्हणतो, "मावशी, निवडणुकीच्या वक्ताला बघितलं का? एवढा मोठा पुढारी, पण आपल्या घरात वाकून आला!"

* * *

घनसावंगीचा किस्सा सांगताना मला अजून हसू आवरत न्हाई.

तिथं माझ्या भाचीच्या पोरीला बघायला पाहुणे येणार होते. भाचीच्या नवऱ्यानं खास त्यासाठी छताला रंग बदलणारा लाइट बसवला, रिमोटवाला. वैशालीनं हात जोडून सांगितलं, "मामा, त्या दिवशी साधा लाइट लावा. माणसाच्या तोंडावर रंग टाकू नका."

"तू गप. इंप्रेशन पडलं पाहिजे!"

पाहुणे आले, बसले. मामाही बसले, आणि बसले ते रिमोटवरच! बटन दबलं आणि रंग सुरू! आधी लाल. मंग निळा. मंग हिरवा. मामांना वाटलं आपोआप होऊन राह्यलंय, ते ऐटीत वर बघत बसले.

नेमके हिरव्यात पोहे आले. मुलाच्या आईनं ताटली नाकाजवळ नेली आणि हळूच विचारलं, "कधीचे आहेत?"

मंग पोरगी आली, तोवर निळा लागला. पोरगी मूळची गव्हाळ, चांगली नाकीडोळी. पण त्या उजेडात विहिरीतून काढल्यासारखी दिसायला लागली. मुलाची आत्या उठली. "जरा अंगणात चल गं बाई. उजेडात बघू दे."

सगळे अंगणात गेले. ऊन लख्ख. आत्यानं पोरगी बघितली, वळवून बघितली, मान डोलावली, "पसंत आहे!"

पण अंगणात मुलगाही आला होता ना! पोरीनंही त्याला उजेडात बघितलं.

ती न्हाई म्हणली.

* * *

आता माझी मैत्रीण चंद्रभागा. तिचा लेक पुण्याला इंजिनिअर. त्यानं आईच्या देवघरात असला लाइट बसवला, की माणूस हललं की लागतो आणि माणूस गप बसलं की विझतो. सेन्सर म्हणतात त्याला. वैशाली म्हणली, "हा जिन्यात ठीक, बाथरूममध्ये ठीक. देवघरात माणूस शांत बसतं, तिथं बिलकुल नको." लेकानं ऐकलं न्हाई. तो पुण्याचा, ही वडीगोद्रीची!

चंद्रभागा जपाला बसली. पाच मिनिटांत अंधार. हात हलवला, लाइट लागला. परत डोळे मिटले, परत अंधार. शेवटी ती वैतागून दोन्ही हात वर करून घुमवायला लागली, मानही हलवायला लागली, केस सुटले.

नेमकी शेजारीण खिडकीतून साखर मागायला आली होती. तिनं ते बघितलं आणि तशीच पळत सुटली. "चंद्रभागाबाईच्या अंगात आलं!"

अर्ध्या घंट्यात दारात वीस बाया, हळदकुंकू, नारळं! चंद्रभागा सांगून थकली, "अगं बाई, लाइटाचा प्रॉब्लेम आहे!" कोणी ऐकंना. एक बाई पायावर डोकं ठेवून म्हणली, "माय, आमच्या घरात रोज भांडणं होतात. काय करू?"

चंद्रभागा चिडून ओरडली, "आधी तो लाइटवाला बोलवा!"

त्या बाईनं घरी जाऊन खरंच लाइटवाला बोलावला. तर फ्रिजमागची वायर जळून काळी पडलेली! अजून दोन दिवस गेले असते तर पेटली असती.

आता दर मंगळवारी चंद्रभागाच्या दारात नारळं येतात. मी म्हणले, "सेन्सर काढून टाक की." तर म्हणते, "राहू दे. खोबऱ्याचा खर्चा वाचून राह्यलाय!"

* * *

असं करत दसरा जवळ आला आणि वैशालीच्या हातचं एकही घर झालं न्हाई. त्यात आमचंच नवीन घर बांधून तयार झालं. मला वाटलं, हे तरी पोरीला मिळंल. पण ज्ञानोबानं जालन्याहून कंत्राटदार आणला. त्यानं छताखाली दुसरं छत केलं आणि हॉलमध्ये बेचाळीस दिवे बसवले. बटनं अठरा! ज्ञानोबा पंखा लावायला उठला की घरात दिवाळी होते, पंखा काही लागत न्हाई.

वैशाली जेवताना बापाला एवढंच म्हणली, "आबा, ह्यातला एकही दिवा कामाचा न्हाई. सगळे छत बघायला लावलेत."

"मंग तू एक लाव," ज्ञानोबा म्हणला. "तुझ्या आजीचा कोपरा घे. तांदूळ निवडायचा. कर तिथं तुझी कला!"

तिनं केली. भिंतीला एक दिवा लावला, मान वाकवता येणारा. मी बसले की माझ्या खांद्यावरून उजेड थेट ताटात पडतो. डोळ्यात न्हाई, डोक्यावर न्हाई. माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय, तरी तांदळातला पांढरा खडा मला दिसायला लागला.

ज्ञानोबानं तो दिवा बघितलासुद्धा न्हाई. मोबाईलवाला दसऱ्याच्या सकाळीच गाळ्याची किल्ली न्यायला येणार होता.

* * *

आदल्या दिवशी दिवेलागणीला ज्ञानोबा कापसातून लंगडत आला. तळपायात बाभळीचा काटा मोडला होता. हॉलमध्ये सोफ्यावर बसला आणि पाय वर केला. माझी सून सुई घेऊन वाकली, तर तिच्याच डोक्याची सावली पायावर!

"दुसरं बटन दाब."

दाबलं. छताच्या कडा उजळल्या.

"अजून एक दाब!"

भिंतीवरचा घोड्याचा फोटो उजळला. सुनेनं अठराच्या अठरा बटनं दाबली. छताला काटा मोडला असता तर लगेच दिसला असता, असलं लख्ख छत! पायात काही दिसंना. सुनेनं अंदाजानं सुई घातली आणि ज्ञानोबा असा ओरडला, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राह्यली.

मी माझ्या कोपऱ्यात तांदूळ निवडून राह्यले होते. शेजारी वैशाली.

थोड्या वेळानं ज्ञानोबा भिंतीला धरून, एका पायावर उड्या मारत आमच्याकडं आला. कोणाकडं न बघता खाली टेकला आणि पाय पुढं केला. वैशालीनं दिव्याची मान जराशी वाकवली, उजेड तळपायावर आणला. माझी सुई घेतली.

"आबा, हलू नका."

आणि माझा पन्नाशीचा लेक श्वास धरून बसला. एकदाच टोचलं. काटा तिच्या बोटावर आला, तांदळाच्या दाण्याएवढा.

ज्ञानोबानं काटा बघितला. मंग दिवा बघितला. दिव्याची मान एकदा इकडं, एकदा तिकडं वाकवून बघितली. मंग कमरेचा जुडगा सोडला, नखानं एक किल्ली काढली आणि माझ्या ताटात टाकली. ठण्‌ करून आवाज झाला.

"माय," तो उठता उठता म्हणला, "नीट निवड. ताटात काहीतरी राह्यलंय बघ."