बिनलेबलचा डबा

गल्लीच्या तोंडाशी गोळ्या-चॉकलेटचं दुकान चालवणाऱ्या त्या बाईला सगळे भिंगवाली म्हणत. गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग, नाकावर चष्मा आणि जिभेला धार, एवढी ओळख पुरेशी होती. इतर दुकानदार गिऱ्हाइकाला 'काय देऊ?' विचारतात. ही विचारायची, "खाणाऱ्याला गहू चालतो का?" चालत असेल तर डावीकडची सगळी कपाटं खुली. चालत नसेल तर उजवीकडची एकच फळी, तिच्यावर अकरा बरण्या आणि प्रत्येकीला स्वतंत्र चमचा. एकीचा चमचा दुसरीत घातला की ती माणसाला दुकानाबाहेर काढायची, मग तो डॉक्टर का असेना. एकदा खरंच डॉक्टरलाच काढलं होतं.

हा तऱ्हेवाईकपणा उगाच नव्हता. तिची एकुलती एक लेक लहानपणापासून हाडांचा सापळा. पोट फुगलेलं, ओठ पांढरे. गव्हातलं आणि जवातलं ग्लुटेन तिच्या आतड्यांना सोसत नाही, हे कळायला पंधरा वर्षं लागली. त्या दिवशी भिंगवालीने घरातून गहू हद्दपार केला आणि जगातल्या यच्चयावत पाकिटांवरचं मुंगीएवढं छापील वाचायला घेतलं. माल्ट म्हणजे जव, म्हणजे नको. नुसतं 'स्टार्च' लिहिलं असेल तर कशाचा, ते कंपनीला विचारायचं. तरीही तिचा कुणावर विश्वास बसेना. मग ती स्वतःच लेकीसाठी लिंबाच्या मऊ गोळ्या करू लागली. त्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून तांदळाच्या भाजलेल्या पिठात घोळवायची. लेक म्हणायची, "आई, बाकी सगळं मी भीत भीत खाते. तुझ्या गोळ्या तेवढ्या डोळे मिटून."

इतकं पथ्य पाळूनही लेक सुधारली नाही. डॉक्टर म्हणायचे, कुठून तरी पोटात जातंय. त्यावर भिंगवाली उसळायची, "माझ्या घरात? शक्यच नाही!" लेकीचं लग्न झालं, तिलाही एक मुलगी झाली आणि बत्तिसाव्या वर्षी त्या आतड्याच्या दुखण्यानेच ती गेली. शेवटपर्यंत उशाशी आईच्या गोळ्यांची डबी होती.

त्यानंतर भिंगवालीने ते पातेलं पुन्हा गॅसवर चढवलं नाही. दुकानात काय, मागच्या राहत्या खोल्यांतही पीठ म्हणून ठेवलं नाही. म्हणूनच पुढच्या वर्षी एका सकाळी दुकान उघडल्यावर ती जागच्या जागी थिजली. उजव्या फळीवरच्या लाल जेलीच्या बरणीवर पिठाचा पांढरा हात उमटला होता. कुलूप जसंच्या तसं होतं. तिने भिंग लावलं. चार बोटं सरळ, करंगळी मात्र बाहेर वाकलेली. लहानपणी दारात चेंगरून तिच्या लेकीची करंगळी तश्शीच वाकडी झाली होती.

तिने बरणी खाली काढली आणि कंपनीला पत्र लिहिलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. जेलीत गहू नव्हता, पण कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्याला ती चिकटू नये म्हणून पट्ट्यावर गव्हाचं पीठ भुरभुरवत होते.

पुढच्या चार वर्षांत आणखी पाच बरण्यांवर हात उमटला आणि पाचही वेळा शोध घेतल्यावर आत कुठेतरी गहू निघालाच. भिंगवाली घाबरत नव्हती असं नाही. पण ठसा दिसला की ती हळूच म्हणायची, "आलीस का गं?" आणि बरणी फळीवरून उतरवायची. हे तिने कुणाला सांगितलं नाही. आधीच लोक तिला अर्धवट समजत होते, उरलेलं अर्धं कशाला पुरवा?

मग नातीचंही पोट दुखायला लागलं. आठ वर्षांची पोर, बापाबरोबर शेजारच्याच गल्लीत राहायची. तपासणीत तेच निघालं, आईचं दुखणं. नात म्हणाली, "आजी, आईला करायचीस त्या गोळ्या मला कर ना."

नाही कसं म्हणणार? तिने पातेलं नवं घेतलं. साखर, लिंबू, मक्याचा स्टार्च, सगळं भिंगाखालून घातलं. तांदूळ निवडले, धुतले, वाळवले आणि पूर्वीसारखेच गिरणीतून दळून आणले. संध्याकाळी बरणी भरून दुकानात ठेवली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर नात येणार होती.

सकाळी त्या बरणीवर हात होता.

भिंगवालीला आधी रागच आला. "अगं, माझ्या हातच्या आहेत! तुला चालल्या आणि तुझ्या लेकीला नकोत?" तिने फडक्याने ठसा पुसला, फडकं झटकायला दारापर्यंत गेली आणि वळून बघते तर आता दोन हात. पुन्हा पुसायला घेतलं. फडकं नुसतंच काचेवरून फिरत राहिलं. हे ठसे आतल्या बाजूने होते.

मागे जाऊन तिने एकेक जिन्नस पुन्हा तपासला. साखर स्वच्छ, स्टार्च स्वच्छ, लिंबाचा तर प्रश्नच नव्हता. शेवटी पिठाचा डबा पुढे ओढला आणि सवयीने भिंग डोळ्याला लावलं. त्या डब्यावर वाचायला काहीच नव्हतं.

दुकान नुसतं लोटून ती तशीच भर दुपारी गिरणीत गेली. आजवर ती डबा ठेवून परत यायची आणि पीठ झालं की घेऊन जायची. आत कधी डोकावली नव्हती. गिरणीवाला पापण्यांपर्यंत पांढरा झाला होता. चक्कीतून कुणाचं तरी गव्हाचं पीठ पडत होतं.

"माझे तांदूळ यातच दळता?"

"मग कशात? एकच तर चक्की आहे."

"गव्हानंतर लगेच?"

"ज्याचा नंबर असेल त्याच्यानंतर. पहिल्यांदा थोडं गव्हाचंच निघतं, मावशी. तुमचं इतकी वर्षं असंच तर दळतोय." तो मोकळेपणाने हसला. "मूठभर गव्हानं काय कुणी मरतंय होय?"

डोळे मिटून गोळी तोंडात टाकणारी लेक भिंगवालीला दिसत होती. मग तिला घड्याळ दिसलं. शाळा सुटून गेली होती.

ती धापा टाकत दुकानात शिरली. नात बरणी मांडीवर घेऊन बसली होती आणि झाकण उघडं होतं.

"खाल्लीस? खरं सांग, खाल्लीस का?"

"नाही गं. घेणार होते, पण कुणीतरी माझं मनगट धरलं." पोरीच्या मनगटावर पांढरा पट्टा होता.

भिंगवालीने बरणी कचऱ्याच्या डब्यात उपडी केली आणि तिथेच खाली बसून रडू लागली. "मीच घालत होते गं तिला. जगभरची पाकिटं वाचली, आणि घरात माझ्याच हातानं..."

नात बावरून मागून तिला बिलगायला गेली, पण थबकली. "आजी, तुझ्या पाठीवर हात उमटलाय."

"करंगळी बघ. कशी आहे?"

"वाकडी."

आजवर तो हात जिथे जिथे उमटला होता, तिथे तिथे लेकीचं विष निघालं होतं. आज लेक तिच्या पाठीवरून हात फिरवून गेली, की फळीवरून उतरवायची आणखी एक बरणी दाखवून गेली, हे कुठल्याही भिंगातून दिसणारं नव्हतं.

"पुसू?" नातीने विचारलं.

"नको," भिंगवाली म्हणाली. "राहू दे."