झाडलेली गल्ली

मी येडपट होते. साधी नव्हे, मन लावून येडपट. सेवा पथकाची पोरं आमची गल्ली झाडायला येणार होती, म्हणून मी पहाटे उठून ती आधीच झाडून ठेवली. पाहुणे येणार आणि दारात घाण? अकरा वर्षांची होते. शहाणपणा उतू चालला होता.

नांदेडचा मांगवाडा. निजामाचं राज्य शेवटच्या घटका मोजत होतं, पण आम्हाला ते कुठं ठाऊक. सभा भरवायला सरकारची इजाजत लागायची. झाडू मारायला लागत नव्हती. म्हणून वकिलाच्या थोरल्या लेकीनं शाळेतली पोरंपोरी जमवून सेवा पथक काढलेलं. आम्ही तिला ताई म्हणायचो. त्याच वकिलाचं अंगण माझी माय रोज झाडायची, ओट्यावरून टाकलेल्या भाकरीवर.

पथकातल्यांच्या दंडावर पांढरी पट्टी असायची. आमच्यातली जी पोर पथकात येईल तिला अक्षरं शिकवीन, असं ताई स्वतः बोलून गेली होती. मला ती पट्टी हवी होती. भाकरीपेक्षा जास्त.

पथक आलं. पोरांच्या हातात केरसुण्या. माझ्या बानं शिंदीच्या पानांच्या बांधलेल्या. मी गाठ ओळखली. दिवाळीला हीच केरसुणी वकिलासारखे लोक लक्ष्मी म्हणून पुजायचे. बांधणाऱ्यानं ती उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि मागं सरायचं.

ताईनं गल्ली पाहिली. स्वच्छ. तिचा चेहरा उतरला. पथकाचं काम पाहायला हैदराबादेहून कुणी मोठे गृहस्थ निघाले होते, टांगा जवळ आला होता.

"कुणी झाडलं गं हे?"

मी पुढं झाले. शाबासकी घ्यायला.

"कचरा कुठं टाकलास? आण परत. पसर."

आणि मी आणला. हे लिहिताना हात थांबतो. थांबू दे. उकिरड्यावरून टोपल्या भरभरून आणला. राख, शेण, कोंबड्यांची पिसं. नीट पसरला, कोपरेसुद्धा सोडले नाहीत. कामसू पोर.

शेरवानीतले गृहस्थ आले. पोरांनी ओळीनं गाणं म्हणत अर्धी गल्ली झाडली. गृहस्थ नाकाला रुमाल लावून म्हणाले, या लोकांना स्वच्छतेची सवय लागायला पिढ्या जातील. मी तिथंच उभी. कोपरापर्यंत राख.

ते गेले. मी ताईला पट्टी मागितली. ती हसली. वाईट नाही, गोड हसली.

"तू सेवा करणारी नव्हेस गं. तुझी सेवा करायची असते."

उरलेली अर्धी गल्ली मीच झाडली.

पुढच्या आठवड्यात निरोप आला. दुसरे पाहुणे येणार, गल्ली झाडू नको. मी झाडली. या वेळी येडेपणानं नव्हे. ताई आली, टोपलीकडं बोट केलं. मी टोपली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. मी म्हणाले, आमची गल्ली झाडून झाली, तुमची राहिली असंल. शूरबिर काही नव्हते. उभी राहिले असते तर पळून गेले असते, म्हणून तर बसले.

दुपारी वकिलाचा गडी आला. दारापासून लांब उभा राहून सांगून गेला, पोरीनं येऊन माफी मागावी, नाहीतर मायचं काम बंद. अक्षरं गेलीच होती, आता भाकरही. मी उठले. माफी मागायला निघाले की हो! एवढीच माझी बंडखोरी, सकाळपासून दुपारपर्यंतची.

मायनं हाताला धरून मला खाली बसवलं. अंगण झाडायची तिची केरसुणी चौकटीला टेकलेली होती, ती उचलून आत टाकली. मी विचारलं, मग खायचं काय?

"उपाशी ऱ्हाऊ. पर त्यांचं अंगण आता त्यांनीच झाडायचं. झाडता येतंय की त्यांना, समद्या गावानं बघितलंय."